भागुबाईंच्या पाटीवरील क्रियापद

मुरुड,
१४ सप्टेंबर २०२४

सुचिता,

आशीर्वाद. तुझी खुशाली विचारण्याचा अधिकार माझ्याकडे उरलेला नाही असे तुला वाटत असेल, तर ती मी विचारलेली नाही असे समज.

फोन न करता पत्र का लिहितो, ते आधी सांगतो. फोनवर एकदा तोंडातून निघालेले वाक्य दुरुस्त करता येत नाही. शिवाय गेल्या अकरा वर्षांत मी केलेले फोन तू उचललेले नाहीस. दोन कारणे असताना एकच सांगणे अप्रामाणिक ठरले असते, म्हणून दोन्ही लिहिली.

माझ्या दोन्ही डोळ्यांच्या मध्यभागी डाग पडला आहे. कडेचे दिसते, समोरचे दिसत नाही. वर्तमानपत्राचा समास दिसतो, बातमी दिसत नाही. हे पत्र मी एकेक शब्द डोळ्याच्या कडेने पाहत लिहीत आहे. चार दिवस लागले. अलिबागच्या डॉक्टरांच्या मते डाव्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन घेतल्यास आहे तेवढी दृष्टी टिकेल. कागदावर सही करण्यास जवळचा नातेवाईक सोबत हवा, अशी त्यांची अट आहे. मी अद्याप इंजेक्शन घेतलेले नाही. ही माहिती आहे, विनंती नव्हे.

वाचनाची मात्र व्यवस्था झाली आहे. समुद्राकडील रस्त्यावर खानावळ चालवणाऱ्या भागुबाई तुला आठवत असतीलच. त्या अजून आहेत, खानावळही आहे. मागच्या अंगाला पर्यटकांसाठी दोन खोल्याही त्यांनी काढल्या आहेत. त्यांची नात पूर्वी, वय वर्षे चौदा, इयत्ता नववी, मागील आठवड्यात दारात येऊन उभी राहिली.

“आजोबा, काम भेटंल का?”

“काम भेटत नाही, मिळते,” मी म्हणालो. “वस्तू मिळते, मनुष्य भेटतो.”

“बरं. मग मिळंल का?”

ती लाजली नाही की हसली नाही. काय येते असे विचारल्यावर म्हणाली, “वाचता येतं. तुमाला दिसत न्हाय असं आजी म्हनली.”

“स्पष्ट दिसत नाही.”

“तेच ते.”

रोज सायंकाळी साडेपाच ते साडेसहा, वर्तमानपत्राचे वाचन, तीस रुपये. माझ्या अटी तीन: आईची परवानगी असावी, अभ्यास बुडू नये आणि वाचताना च्युइंगम चघळू नये. तिसरी अट तिने बऱ्याच विचारानंतर मान्य केली.

ज्या मनुष्याने स्वतःच्या मुलीला चौदाव्या वर्षी काम करू दिले नाही, तो दुसऱ्याच्या चौदा वर्षांच्या मुलीला कामावर ठेवतो, असे तू म्हणशील. फरक आहे. ही मुलगी घरी सांगून येते. तू १९९२ च्या मे महिन्यात शिवणाच्या वर्गाला जाते असे सांगून भागुबाईंकडे जेवणाची ताटे उचलत होतीस. शिक्षकाच्या मुलीने ते करावे हे मला मान्य नव्हते, आजही नाही. तू कमावलेले तीनशे चाळीस रुपये मी भागुबाईंना परत केले आणि तो विषय संपवला. मी योग्य तेच केले, असे माझे मत आहे.

उत्तराची अपेक्षा नाही.

तुझे वडील,
दत्तात्रेय


मुरुड,
२९ सप्टेंबर २०२४

सुचिता,

आशीर्वाद. हे अक्षर माझे नाही. सांगतो मी, लिहिते पूर्वी. शुद्धलेखनाची जबाबदारी मात्र माझीच आहे. प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ मी उच्चारून सांगत आहे.

लेखनासाठी तिने वेगळा दर मागितला. “वाचायचे तीस. लिवायचं पानामागं दहा. जोडाक्षरं लय असली तर बारा.” जोडाक्षरे मोजून मराठीचा दर ठरवता येत नाही, असे मी म्हणालो. “तुमच्या मराठीचा येतो,” ती म्हणाली. अकरा ठरले.

पहिल्या पत्राचे उत्तर आले नाही. त्याची अपेक्षाही नव्हती. माझे येथे उत्तम चालले आहे. स्वयंपाक मी स्वतः करतो. भात, आमटी आणि एखादी भाजी, एवढे एका मनुष्याला पुरते.

पूर्वीला प्रश्न फार पडतात. तू उरणला असतेस, म्हणजे येथून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर, तर येत का नाहीस, हे तिला समजून घ्यायचे होते. मी परेशरावांची हकीकत तिला सांगितली. तीच येथे लिहवून घेतो, कारण माझी बाजू तू कधी ऐकून घेतली नाहीस.

तुझे लग्न ठरवण्यास परेशराव त्यांच्या वडिलांसह प्रथम आले, तो दिवस एप्रिलचा होता. मिठागरांची कामे सोडून त्यांच्या घरी नुकतेच ट्रक आले होते. मनुष्य सरळ वाटला. बसल्यावर त्यांनी मला विचारले, “काका, जरा पाणी भेटंल का?” मी त्यांना नियम समजावून सांगितला. उदाहरणेही दिली: पुस्तक मिळते, मित्र भेटतो, पगार मिळतो, पाहुणा भेटतो. ते ऐकून घेत होते. त्यांचे वडील मात्र उठले आणि अंगणातील नळावर जाऊन ओंजळीने पाणी प्यायले. तुझा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते मला आठवते. जावई होणाऱ्या मनुष्याचा मी अपमान केला असे तू म्हणालीस. मी केवळ एक वाक्य दुरुस्त केले होते.

येथे पूर्वीने लिहिणे थांबवून विचारले, “मग पानी दिलंत का न्हाय?”

देण्याचे राहून गेले. ते खरे आहे.

“आनि तुमची बायको? त्यांचं पन असं चुकायचं?”

सत्यवती म्हसळ्याकडील. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या तोंडी ‘हाय’, ‘न्हाय’, ‘व्हय’ असे. मुख्याध्यापकांच्या पत्नीसमोर ती एकदा तसे बोलली, तेव्हापासून मी ते मनावर घेतले. रागावलो कधीच नाही. प्रत्येक वेळी शांतपणे योग्य रूप सांगितले आणि तिच्याकडून ते म्हणवून घेतले. पुढे तिच्या बोलण्यात एकही चूक होत नसे.

“मग त्या काय बोलायच्या?”

शेवटी शेवटी फारसे काही नाही.

“हे लिवू?”

लिही, असे मी म्हणालो. जे बोलले गेले ते लिहिले जावे.

उत्तराची अपेक्षा नाही.

तुझे वडील,
दत्तात्रेय

आत्या, मी पूर्वी. पाकीट मी चिकटवते म्हणून हे लिवता येतंय, आजोबांना सांगू नका. त्यांनी लिवलंय ना उत्तम चाललंय, ते खोटं हाय. परवा दुधाचं पातेलं जळून काळं झालं आणि हाताला मोठा फोड आलाय. मला म्हणाले लिहिताना शाई लागली. आणि पोस्टमन काका दिसले की विचारतात माझे काही आहे का. मग मला सांगतात की मी पेन्शनचं विचारलं. पेन्शन तर ब्यांकेत येते. ह्या ओळी पानात धरल्या न्हाईत, फुकट हायत.


मुरुड,
१९ ऑक्टोबर २०२४

सुचिता,

आशीर्वाद. आजही लिहिणारी पूर्वीच आहे.

परवा पगार दिल्यावर मी तिला विचारले की या पैशांचे तू काय करणार. वह्या, गणवेश, आईला हातभार, असे काही उत्तर मी गृहीत धरले होते.

“काय न्हाय.”

“काही नाही म्हणजे? कशासाठी तरी साठवत असशील.”

“कशासाठी न्हाय, आजोबा. असले की बरं वाटतं. कुनाला विचारायला लागत न्हाय.”

हेतूशिवाय साठवलेला पैसा मनुष्याला बिघडवतो, अशा आशयाचे मी काही वेळ बोललो. तिने ऐकून घेतले. नंतर म्हणाली, “तुमच्या मुलीनं कशासाठी केलेलं?”

मला ठाऊक नाही. मी विचारले नव्हते.

तिने हा विषय काढण्यास कारण आहे. भागुबाईंच्या ओटीवर ती पत्र्याची पाटी अजून टांगलेली आहे. खाऱ्या वाऱ्याने वरचा रंग खाल्ला असून आतील अक्षरे बाहेर आली आहेत. ‘येथे घरगुती जेवण’ एवढे स्वच्छ वाचता येते, पुढे सगळा गोंधळ आहे. “भे आनि मि एकावर एक बसलेत,” पूर्वी म्हणाली. “मुंबईची पोरं फोटो काढतात. ‘भेमि’ म्हंजे कायतरी माशाचं नाव हाय असं एक जन म्हनत होता. ते कुनी केलं?”

मी केले. कसे केले ते तिला सांगितले. तुला ते ठाऊक आहे. परंतु त्या दिवशी मी तेथे का आलो, हे तुला ठाऊक नसावे. तुझ्यावर पाळत ठेवून मी आलो, असा तुझा समज आजवर असेल. तो चुकीचा आहे.

मी समुद्राकडे फिरायला चाललो होतो. पांढऱ्या पत्र्यावर निळ्या तैलरंगात नवी पाटी दिसली: ‘येथे घरगुती जेवण भेटेल’. माझ्या गावात, माझ्या रोजच्या रस्त्यावर, हात हात उंचीच्या अक्षरांत ती चूक लिहिलेली होती. मी मालकिणीला क्रियापद समजावून सांगण्यासाठी आत शिरलो. भागुबाई चुलीपाशी होत्या. मी त्यांच्याशी बोलत असतानाच आतल्या दारातून हातात खरकट्या ताटांची चळत घेऊन तू बाहेर आलीस.

तेव्हा मला त्या पाटीवरील ‘ल’ कोणाचा आहे ते उमगले. तो ‘ल’ मी तुला पाटीवर गिरवायला शिकवला होता.

दहा-बारा माणसे जेवत होती. त्यांच्यासमोर मी तुला रंगाचा डबा आणि कुंचला आणायला सांगितले. तू आणलास. दुरुस्ती कर म्हणालो, तेव्हा तू हलली नाहीस. मग मीच स्टुलावर चढलो, ‘भेटेल’वर पांढरा हात मारला आणि तो पुरता वाळण्याआधीच ‘मिळेल’ लिहिले. त्या घाईमुळेच आज दोन्ही दिसतात. खाली उतरलो, तोवर तू घरी निघून गेली होतीस.

हे सांगून झाल्यावर पूर्वीने पेन खाली ठेवले. पेन ठेवल्याचा आवाज मला आता ओळखता येतो.

“कशासाठी केलेलं ते आजीला म्हायती हाय,” ती म्हणाली. “मी इचारलं तिला. पंख्यासाठी.”

कोणता पंखा, असे मी विचारले.

“त्यांच्या आईला. सैपाकघरात टेबलावर ठेवायचा. तुमच्याकडं पंखा फकस्त तुमच्या खोलीत होता ना.”

पत्र येथेच थांबवतो.

दत्तात्रेय

आत्या, मी पूर्वी. मी ते बोलायला नको होतं का. मी म्हटलं पेपर वाचू का तर आजोबा म्हणाले नको. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर ते माझ्या मागं आले आणि भिंतीला हात लावत लावत उभे राहिले. म्हणाले येथे उकडते. आता ऑक्टोबर हाय, उकडणारच. अर्धंच पान झालं होतं तरी पैसे पुऱ्या पानाचे दिले. मी घेतले. घ्यायला नको होते का ते पण सांगा.


मुरुड,
२७ ऑक्टोबर २०२४

सुचिता,

हे मी स्वतः लिहीत आहे. पूर्वीने जाड काळे पेन आणून दिले आहे. एका पानावर सहा ओळी मावतात. ओळी एकमेकींवर चढल्या असतील. शुद्धलेखन मला तपासता येत नाही. जे असेल ते तसेच पाठवत आहे.

पहिल्या पत्रात मी एक खोटे विधान केले. तुझे पैसे मी भागुबाईंना परत केले, असे लिहिले होते. द्यायला गेलो होतो, हे खरे आहे. तुझ्या कंपासपेटीतून काढलेल्या त्या नोटा मी त्यांच्यासमोर ठेवल्या आणि म्हणालो, माझी मुलगी मजुरी करत नाही. भागुबाईंनी नोटांना हात लावला नाही. त्या म्हणाल्या, “मास्तर, पोरीनं हुनात उबं ऱ्हाऊन कमावलेलं हाय ह्ये. मी घेनार न्हाय. तुमी घेतलंत तर तुमचं तुमी बगा.”

मी ते घेऊन घरी आलो. तुला दिले असते तर माझा शब्द खाली पडला असता. तुझ्या आईला दिले असते तर तिने ते तुलाच दिले असते. ते दोन महिने माझ्या टेबलाच्या खणात होते. नंतर मी पुण्याला पेपर तपासायला गेलो, तेव्हा त्या पैशांतून मोठा मराठी शब्दकोश विकत घेतला. तुझ्या पंधराव्या वाढदिवसाला मी तुला तो दिला. आत ‘वडिलांकडून सप्रेम भेट’ असे लिहिले. वरचे वीस रुपये माझे होते, म्हणून ते विधान अगदीच खोटे नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

तू तो दोन्ही हातांनी घेतलास आणि वाकून नमस्कार केलास.

पंख्याविषयी. माझ्या खोलीत छताला पंखा होता. तपासायच्या वह्या उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर समुद्रावरून आणलेले गोटे ठेवत असे. स्वयंपाकघरात तुझी आई मे महिन्यात पदराने मान पुसत असे. मला ते माहीत नव्हते असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. मला ते रोज दिसत होते. स्वयंपाकघरात पंखा मी २०१२ साली बसवला. तेव्हा ती अंथरुणावरून उठत नव्हती.

सोमवारी, ११ नोव्हेंबरला, मला अलिबागला बोलावले आहे. कागदावर सही करायला भागुबाईंचा मुलगा तयार आहे. शेजारी चालेल, असे डॉक्टरांनी मान्य केले आहे. म्हणजे माझे काम अडलेले नाही. काम अडलेले नसतानाही तू यावीस, असे मला वाटते.

मागील तिन्ही वेळा उत्तराची अपेक्षा नाही असे लिहिले, किंवा लिहायचे राहिले. अपेक्षा होती.

दत्तात्रेय


मुरुड,
८ नोव्हेंबर २०२४

सुचिता,

लिहिणारी पूर्वी आहे. हे तिच्याकडून लिहवून घेऊ नये असे प्रथम वाटले. परंतु काल फोन आला तेव्हा ती समोरच बसलेली होती आणि फोनचा आवाज मोठा ठेवण्याची सवय मला लागली आहे. तिने सर्व ऐकले आहे.

तू सांगितलेस ते मी लिहून ठेवत आहे, कारण माझ्या स्मरणात ते बदलू लागेल याची मला भीती वाटते. माझ्या सोयीचे ते मी करून घेईन. तुझे शब्द तुझेच आहेत. त्यांना हात लावलेला नाही.

तू म्हणालीस, “बाबा, मी सुचिता.”

मी म्हणालो, “बोल.” अकरा वर्षांनंतर सुचलेला शब्द हा.

“पत्रं सगळी वाचली. कोशाचं मला तेव्हाच माहीत होतं. भागुमावशीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, पैसे मास्तर घेऊन गेले म्हणून. मग वाढदिवसाला तो एवढा मोठा कोश आला. तुम्ही कधी एवढ्या किमतीचं काही आणलं होतं का?”

“मग तू तो घेतलास कसा?”

“आई म्हणाली, घे. नाही घेतलास तर ते कारण विचारतील.”

मी पंख्याविषयी तुझी क्षमा मागितली. वाक्य मी तयार करून ठेवले होते आणि ते पूर्ण म्हटले. मागे ट्रकचा भोंगा वाजत होता. मला वाटले, तू रडत आहेस. तू रडत नव्हतीस. सांगावे की न सांगावे, हे तू ठरवत होतीस.

“पंखा नव्हता तो, बाबा. भागुमावशीला तसं सांगितलं होतं. खरं सांगितलं असतं तर तिनं कामावर ठेवलं नसतं.”

“मग?”

“आम्हाला म्हसळ्याला जायचं होतं. मामाकडं. राजपुरीवरून लाँचनं दिघी, तिथून एसटी. आई आणि मी.”

मे महिन्यात माहेरी जाण्यास मी कधीच हरकत घेतली नसती, असे मी म्हणालो.

“परत यायचं नव्हतं.”

पूर्वी, हे वाक्य स्वतंत्र ओळीवर घे.

“मामीच्या हातात पहिल्या दिवशी काहीतरी ठेवायला हवं, असं आई म्हणाली. रिकाम्या हातानं राहायला गेलेल्या नणंदेला कोण किती दिवस ठेवून घेईल? आईकडं स्वतःचा एक रुपया नव्हता. घरखर्चाच्या वहीत तुम्ही पै न् पै बघायचात. म्हणून मी गेले कामाला. पाचशे झाले की निघायचं, असं ठरलं होतं.”

एकशे साठ रुपये कमी होते. तुला दिवसाला सतरा रुपये मिळत, हे भागुबाईंनी तेव्हा मला सांगितले होते. म्हणजे आणखी दहा दिवस. एका क्रियापदासाठी मी दहा दिवस आधी तेथे पोहोचलो.

“आणि मग?” मी विचारले.

“मग काय, बाबा? शाळा सुरू झाली.”

त्यानंतर सत्यवती एकवीस वर्षे याच घरात होती. मला वेळेवर चहा दिला, जेवण दिले. मी वाक्य दुरुस्त केले की ते पुन्हा नीट म्हणून दाखवले. आपल्या घरात भांडण नाही याचा मला अभिमान होता. शिक्षकांच्या खोलीत मी तो बोलूनही दाखवत असे. ती राहिली ती तिला राहायचे होते म्हणून, असे मी एकवीस वर्षे आणि त्यानंतरची अकरा वर्षे समजत आलो. माझे उरलेले आयुष्य याच समजुतीत गेले असते. तू गप्प राहिली असतीस तर मला बरे वाटले असते. तरीही तू सांगितलेस, हे चांगले केलेस. ही दोन्ही विधाने खरी आहेत.

तिला जायचे होते ते माझ्या कोणत्या बोलण्यामुळे, असे मी तुला विचारणार होतो. एखादा प्रसंग, एखादे वाक्य. ते विचारायच्या आधीच तू म्हणालीस, “एक असं काही नव्हतं.” त्यामुळे विचारले नाही.

शेवटी तू म्हणालीस, “सोमवारी सकाळी आठला येते. गाडी आहे, मीच चालवते. तुम्हाला अलिबागला नेते, सही करते, परत आणून सोडते. राहणार नाही. आणि जुनं काही बोलायचं नाही.”

तू गाडी चालवतेस, हे मला ठाऊक नव्हते.

मी बरे म्हणालो. तू फोन ठेवलास. पूर्वी अजून समोरच बसलेली होती. तिचा तास केव्हाच संपला होता. घरी जा म्हणालो, तर म्हणाली, “बसते जरा. ह्याचे पैसे नको.” मी तिला पैसे दिले. तिने ते घेतले आणि तरीही बसून राहिली.

आज ती आल्या आल्या सोमवारच्या तयारीला लागली आहे. अलिबागची फाइल दारामागे टांगून ठेवली. माझा सदरा इस्त्रीला दिला. मग स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून पाहू लागली आणि तेथूनच तिने विचारले, “आत्या आल्याबरोबर चहा लागंल ना? साखर किती घालायची त्यांच्यात?”

तू येथे होतीस तोवर सकाळी दूध पीत होतीस. चहा केव्हा घेऊ लागलीस, घेतेस की नाही, हे मी कधी पाहिले नाही. मी आठवून पाहिले. तुझ्या लग्नाच्या दिवशीचे आठवले नाही. तुझ्या आईच्या तेराव्याला सगळ्यांना चहा दिला होता. तेव्हा तू कोठे बसली होतीस, हेही आठवले नाही.

“मग दारातच इचारा की,” पूर्वी म्हणाली. “त्यात काय लाजायचं?”

तसे विचारीन. परंतु दारात ऐन वेळी माझ्या तोंडून दुसरेच काही निघण्याचा संभव आहे, म्हणून येथे लिहून ठेवतो. हे पत्र उद्या टाकले तरी सोमवारपूर्वी उरणला पोहोचणार नाही. तू येऊन परत गेल्यावर ते तुझ्या हाती पडेल. पूर्वीचे म्हणणे असे की मग टाकायचे तरी कशाला, उगीच तिकीट वाया. मी टाक म्हणालो आहे.

सुचिता, तू चहा घेतेस का, आणि घेत असशील तर त्यात साखर किती घालू?

बाबा